कोरड्या टाकीतलं गाणं

चाचांशी पहिल्यांदा बोलायला आलेला माणूस हटकून चिडायचा. आपण बोलायला लागलो की चाचा मान फिरवायचे आणि डावा कान भिंतीकडं करून उभे राहायचे. गिऱ्हाइकाला वाटायचं, हा आपल्याला मोजत नाही. भोरच्या एसटी स्टँडमागं त्यांचं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. तिथून लग्नघरची माणसं तणतणत परत जाताना मी कितीदा तरी बघितली आहेत.

"माणूस तोंडानं काय बी बोलतो," चाचा सांगायचे. "भिंतीवर आपटून येतं ना, ते खरं. भिंतीला काय पडलीय खोटं बोलायची?"

चाचींना हे सगळं पाठ झालेलं होतं. त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आवो, जेवायला या! का हे बी भिंतीकडनं सांगू?" आणि मला म्हणायच्या, "लग्न झालं तवा वाटलं, नवरा लाजतोय म्हणून तोंड फिरवतोय. पार केस पिकल्यावर कळलं, ह्या माणसाला माझ्यापेक्षा माझी भिंत आवडती."

चाचांचं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. आम्ही दोघांनी मिळून जी कॅसेट काढली तिच्यावरही त्यांनी नाव घालू दिलं नव्हतं, ना त्यांचं, ना माझं. भोरमध्ये त्यांना भोंगेवाले चाचा म्हणत, तेवढं पुरे. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. लिहिण्यात पुढंमागं होईल, कुणी हसेल, ही धास्ती आत्ताही आहे. पण मी नाही लिहिलं तर चाचांबद्दल दुसरं कोण लिहिणार?

विंझरच्या एका लग्नात त्यांनी सगळे भोंगे डोंगराकडं तोंड करून बांधले. मांडव इकडं, माणसं इकडं, आणि मंगलाष्टकं चालली राजगडाच्या दिशेनं. नवरीचा बाप धावत आला.

"आवो चाचा, पाव्हणं हिकडं बसल्यात! डोंगरावर कोन हाय आमचं?"

"डोंगराला आमंत्रन न्हाई दिलं व्हय?" चाचा शांतपणे म्हणाले. "थांबा जरा. जातंय आन् येतंय."

आणि खरंच ते यायचं. सूर डोंगरावर जाऊन परत फिरायचा, पण येताना शब्द तिकडंच राहिलेले असायचे. नुसती ओढ परत यायची. भटजींना तर आपलंच म्हणणं मागून कुणी तरी म्हणतंय असं वाटायला लागलं. ते अडखळले, मागं वळून बघायला लागले. शेवटी चार जणांनी चढून भोंगे फिरवले. चाचा रुसून टेम्पोत जाऊन बसले, जेवायलाही उतरले नाहीत.

मी मूळचा परभणीकडचा. तिकडं जमीन काळी आणि सपाट. तिथं हाक मारली तर आवाज गेला तो गेला, परत यायला त्याला काही आडवं येत नाही. वर्गातल्या पोरांचे आवाज घोगरे झाले, मिशा आल्या. मिशा मलाही आल्या, पण आवाज काही फुटला नाही. पोरीसारखा बारीकच राहिला. धडा वाचायला उभं केलं की वर्ग हसायचा. एक पोरगा म्हणायचा, "हा आवाज तुझा न्हाईच. कुण्या पोरीचा उचलून आणलास, दे बरं परत." चेष्टाच होती ती. पण मला त्याचं भय बसलं. मी शाळा सोडली, आणि पुढं बोलणंही जवळजवळ सोडलं. हायवेच्या कामावर मजुरांच्या टोळीबरोबर सारोळ्याला आलो. टोळी पुढं गेली, मी नीरेच्या पुलाजवळच्या पंक्चरच्या दुकानात राहिलो. पंक्चर काढायला बोलावं लागत नाही.

तिथं एकदा चाचांचा टेम्पो पंक्चर होऊन आला. मी मागच्या बाजूला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होतो आणि आपण एकटेच आहोत अशा समजुतीनं गुणगुणत होतो. वर बघितलं तर चाचा माझ्याकडं पाठ करून, पत्र्याच्या भिंतीला कान लावून उभे. मी गप्प झालो. आता हसणार म्हणून मान खाली घातली.

"पुन्यांदा," चाचा म्हणाले.

मी हातानंच नाही म्हणालो.

"आरं, गा की. पत्र्याला आवडलंय."

पंचविशी ओलांडली होती माझी. तोवर माझ्या आवाजाबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. दिवाळीनंतर मी भोरला त्यांच्या दुकानामागच्या खोलीत राहायला गेलो. पहिल्याच दिवशी वाढताना चाचींनी विचारलं, "काय रं, बोलत का न्हाईस?" मी भीत भीत दोन शब्द बोललो. त्यांनी ते ऐकले, भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "बरंय की. एका माणसात लेक बी आली आन् ल्योक बी." त्यानंतर त्या घरात माझ्या आवाजाचा विषय कधी निघाला नाही. हे उपकार कसे फेडायचे असतात, मला अजून माहीत नाही.

चाचांना या नादाला लावलं ते राजगडाच्या पायथ्याला, पालीत मिळालेल्या एका कॅसेटनं. राजगड चढायला आलेल्या दोन गोऱ्या पोरांचा वॉकमन पावसात भिजला होता. चाचांनी तो चुलीशेजारी वाळवून चालू करून दिला, तेव्हा ती पोरं एक कॅसेट देऊन गेली. वरचं नाव भिजून पुसलं होतं. आत एक बाई गात होती, पण धुक्याच्या पलीकडून कुणी बोलावं तशी. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून कळत नसेल, असं चाचांना आधी वाटलं. त्यांनी इंग्रजीच्या मास्तरांना ऐकवलं. मास्तरांनाही कळेना. तेव्हा चाचा फार खूश झाले.

"शब्द कळला की गानं संपलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "न्हाई कळत तवरच आपन त्येच्या मागं जातो."

तसं गाणं आपणही करायचं, हे त्यांच्या डोक्यात कितीतरी वर्षं होतं. त्यासाठी आवाज घुमवणारी पाण्याची एक कोरडी टाकीही त्यांना आधीच सापडलेली होती. गाणारा तेवढा राहिला होता.

ती टाकी विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या वाटेवर, एका वस्तीच्या वरच्या टेकाडावर होती. सरकारी पाणीयोजनेतली. गोल, सिमेंटची, जमिनीवर बसलेली, माथ्यावर माणूस उतरेल एवढं लोखंडी झाकण. टाकी बांधून झाली, वस्तीपर्यंत पाइप गाडले, शाळेच्या भिंतीपाशी नळ उभे केले. पण खालच्या विहिरीवर मोटर काही बसली नाही. बायका लांबच्या झऱ्यावरून हंडे आणत आणि जाता-येता टाकीकडं बघतही नसत.

"एकदा बी पानी लागलं न्हाई हिला," चाचा सिमेंटवरून हात फिरवत म्हणायचे. "धुतलीच न्हाई कुनी. जे आवाज आत गेलं असतील ते तसंच असतील बग."

मी पहिल्यांदा शिडीनं आत उतरलो आणि नुसता खोकलो. तो खोकला एका भिंतीवरून दुसरीवर गेला, तिथून तिसरीकडं, आणि फिरत फिरत माझ्या पाठीशी येऊन थांबला. मी शिडी धरली ती सोडलीच नाही.

आमचं काम असं चालायचं. दुकानात मी गायचो, चाचा पेटी वाजवायचे. पेटीच्या भात्याला चीर होती, तिच्यातून धाप लागल्यासारखा श्वास ऐकू यायचा. ती चीर त्यांनी मुद्दाम बुजवली नव्हती. मी शब्द म्हणून परभणीकडच्या एसटीच्या थांब्यांची नावं म्हणायचो, एकामागं एक, घरापर्यंतची. मला दुसरं काही सुचायचं नाही. हे एका टेपवर उतरवून, ती टेप, स्पीकर, माइक आणि टेम्पोची बॅटरी घेऊन आम्ही टाकीवर जायचो. स्पीकर आत एका कडेला ठेवायचा, माइक दुसऱ्या कडेला दोरीनं सोडायचा, आणि झाकण लावून दोघांनी वर बसायचं. आत माझा आवाज एकटाच गायचा. टाकी त्याचं जे काय करायची ते दुसऱ्या टेपवर यायचं. त्यात माझ्या एसटीचा एकही थांबा ओळखू यायचा नाही.

हे भर दुपारी करायचं. तेव्हा टेकाडावर माणूस नसतो, गुरं सावलीला बसलेली असतात, वारासुद्धा पडलेला असतो. ऊन डोक्यावर, आणि पायाखालच्या सिमेंटमधून कुणी पोरगी गातेय. ती पोरगी मीच आहे हे माहीत असूनही मी पाय वर ओढून घ्यायचो.

चाचांचे नियम होते. झाकण लावल्यावर लगेच टेप चालू करायची नाही. "आदी टाकीला गप बसू दे." आणि दुसरा नियम, टाकीत माणसाचं नाव घ्यायचं नाही. गावांची चालतात, माणसांची नाही.

"का, चाचा?"

"ठिवून घेती."

हे ते चेष्टेनं म्हणाले की खरंच, मला कळलं नाही. आम्ही उघड्यावर होतो, कान लावायला भिंत नव्हती.

अशी एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला चार गाणी झाली. कॅसेटवर निळा कागद, त्यावर एकच शब्द: 'दोघं'. चाचींनी कागद उलटसुलट करून बघितला. "दोघं? आन् भाकऱ्या कोन थापत हुतं मग?" मी घाबरून चाचांकडं बघितलं. चाचा भिंतीकडं बघून हसत होते.

कॅसेट निघाली म्हणजे हार, पेढे, पाहुणे पाहिजेत, असं चाचींचं म्हणणं. चाचांनी पेढे मान्य केले. प्रकाशन मात्र टाकीवर केलं, संध्याकाळी, गुरं घराकडं येण्याच्या वेळेला. सगळे भोंगे टाकीच्या माथ्यावर बांधले, वस्तीकडं पाठ आणि डोंगराकडं तोंड. वस्तीला डोंगरानं परत दिलेलंच ऐकू यावं, असा त्यांचा बेत होता.

टेप चालू केली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग समोरच्या कड्यांमधून ते यायला लागलं. खालची माणसं दारात आली आणि सगळी वर गडाकडं बघायला लागली. वाटेवर म्हशी थांबल्या. कुत्री एकदाही भुंकली नाहीत. एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "आरं, गडावर कोन बाई चढलीया?" झऱ्याच्या वाटेनं एक बाई हंडा घेऊन येत होती. तिसरं गाणं चालू असताना तिनं वाटेतच हंडा उतरवून ठेवला. सगळी वस्ती डोंगराकडं बघत होती. ही एकटी टाकीकडं बघत होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ती दुकानात आली. उन्हानं रापलेली, पन्नाशीची. चाचींनी पेढा पुढं केला. तिनं तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

"काल वाजवलं ते कुनी म्हटलंय?"

चाचांनी माझ्याकडं बोट केलं. "ह्यानं."

"बोल की रं," ती मला म्हणाली.

"काय बोलू, मावशी?"

ती हसली, पण चेष्टेनं नाही. "व्हय. तूच. समद्या गान्यात तूच हायेस. पन तिसऱ्यात तुज्या मागं माजी हौसा हाय."

हौसा तिची मुलगी. काही वर्षांपूर्वी श्रावणात गवत कापायला डोंगरावर गेली आणि परत आली नाही. कड्याच्या काठाला विळा सापडला, बांधलेला भारा सापडला, पोरगी सापडली नाही. मावशीनं तिचे दिवस कुणाला घालू दिले नव्हते.

तिकडच्या डोंगरात शेरडं राखणाऱ्या पोरींची एक रीत आहे. प्रत्येकीची हाळी वेगळी असते. शेरडं हाळीवरून आपली मालकीण ओळखतात, म्हणून एकीनं दुसरीची हाळी कधी घ्यायची नाही. हौसाची हाळी वर जायची, मधेच तुटायची आणि तुटल्यावर आणखी वर चढायची. ती शेरडं घेऊन टाकीच्या टेकाडावरच असायची. पोरी झाकण उघडून आत हाळ्या देत बसत, तो त्यांचा खेळ होता.

चाचांनी तिसरं गाणं लावलं. "हितं," मावशीनं बोट वर केलं. माझा आवाज विरत चालला होता. आणि त्या विरण्यात काहीतरी वर गेलं, तुटलं, आणि आणखी वर चढलं. ते गाणं मी कितीदा ऐकलं होतं. हे कधी लक्षात आलं नव्हतं.

"टेप ताणली असंल," चाचा म्हणाले. "ह्याचाच आवाज हाय, फिरून आलेला."

"मग ह्याला हाळी द्यायला सांगा."

मी दिली. माझ्या मुलखात असली हाळी नाही, मला कुठून येणार? मावशीला हसू आवरेना. "आरं माज्या बाबा, शेरडं उलटी पळतील!" चाचीही हसल्या, मीही हसलो. हसता हसता तिनं कॅसेट उचलली. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय ह्येच्यावर?"

"दोघं," मी म्हणालो.

"दोघं कुठं?" ती म्हणाली. "तिघं हायेत."

तो सबंध दिवस चाचा भिंतीकडं तोंड करून बसले होते.

पुढं कॅसेट फिरत राहिली. टेम्पोवाले लावायचे, सारोळ्याच्या ढाब्यांवर वाजायची, आणि कशी कोण जाणे, पुण्यात पोचली. तिथला कॉलेजातला एक पोरगा शोधत शोधत दुकानात आला. लांब केस, पाठीवर गिटार. म्हणाला, "काका, याला ड्रीम पॉप म्हणतात, माहितीय का? असं भारतात कुणी करत नाही."

"म्हंजी काय?"

"म्हणजे, स्वप्नात ऐकल्यासारखं गाणं."

"मग झोपून ऐकायचं, बाबा. हितं कशाला आलास?"

पोरगा हसला. माझा आवाज ऐकून त्यानं माझा हातच धरला, इतका तो आनंदला. चहा पिऊन निघाला, पायरी उतरला आणि वळून म्हणाला, "बाय द वे, तिसऱ्या गाण्यात मागं ती मुलगी कोण आहे? तिचं नाव कुठंच नाही."

त्याला मावशीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. मी आत गेलो आणि अंगावर गोधडी घेऊन पडून राहिलो. शाळेतल्या त्या पोराचं बोलणं आठवत राहिलं. कुण्या पोरीचा उचलून आणलास, दे बरं परत.

मावशी येत राहिली. बाजारच्या दिवशी यायची, चाचींशी बोलत ओट्यावर बसायची. एकदा तिनं चाचांना सरळ विचारलं.

"चाचा, ती मला बोलावतीया, का नुसती राहिलीया तितं?"

"काय फरक पडतो, बाई?"

"पडतो की. बोलावत असंल तर मला जायला पायजे. नुसती राहिली असंल तर तिचे दिस घालून मोकळी करते." ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली की चाचींच्या हातातलं सूप खाली पडलं.

त्याच सुमाराला योजनेचं काम पुन्हा सुरू झालं. विहिरीवर मोटर आली, खांब आले, तारा ओढल्या. दिवाळीच्या आत टाकीत पाणी सोडणार असं ठरलं. वस्तीतल्या बायका आनंदात होत्या. मावशीही होती. "पानी यावंच. हंड्यांनी मान मोडली आमची. पन पानी आलं की ती धुऊन जाईल. त्याच्या आत मला सांगा, चाचा."

म्हणून पाणी यायच्या आधी एका दुपारी आम्ही तिला घेऊन टाकीवर गेलो. या वेळी स्पीकर नव्हता, माझा आवाज नव्हता. नुसता माइक आत सोडला, झाकण लावलं आणि रिकाम्या टाकीचं रेकॉर्डिंग सुरू केलं. ऊन तापलं होतं. तिघंही गप्प बसलो. बराच वेळ गेला असेल. मावशी एकाएकी उठली, चाचा हात धरतील तोवर तिनं झाकण उघडलं, आत डोकं घातलं आणि हाक मारली, "हौसाऽ!"

टाकीनं ते नाव घेतलं आणि फिरवलं. परत आलं ते बारीक होऊन, कोवळं होऊन. मावशी डोकं आत ठेवून ऐकत राहिली. माझे हात सिमेंटला टेकलेले होते, त्यांना ते खालून जाणवत होतं.

"ही तर मीच," ती म्हणाली. "मी पोर असताना अशीच बोलायची." तिनं झाकण आपल्याच हातानं लावलं. आणि टेप संपेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो, कारण चाचा बंद करायला उठेनात.

भोरला आल्यावर ती म्हणाली, "तुमीच ऐका. मला न्हाई ऐकवत. काय असंल ते सांगा."

चाचांनी त्या दिवशी हेडफोन लावले. मी त्यांना हेडफोन लावताना कधीच बघितलं नव्हतं. त्याला भिंत नसते म्हणून ते त्याला हात लावत नसत. आतल्या खोलीत दार लावून त्यांनी सबंध टेप ऐकली. बाहेर आले, ओटा उतरून रस्त्यावर, पार उघड्यावर गेले आणि तिथून मावशीला म्हणाले, "काय न्हाई त्यात, बाई. रिकामी टाकी हाय."

मावशीनं मान हलवली. "बरं. पानी येऊ द्या, मग घालते तिचे दिस."

ती टेप मला पुढं कधी दिसली नाही.

पाणी सोडलं त्या सकाळी सगळी वस्ती शाळेपाशी जमली होती. नळांना हार घातले होते, नारळ फुटला होता. बायकांनी घासूनपुसून लख्ख केलेले हंडे रांगेत मांडले होते, आणि रांगेत पहिला नंबर वडीलकीच्या मानानं मावशीला दिला होता. आम्हीही गेलो होतो. चाचांनी बरोबर मशीन आणलं नव्हतं, एक वायरसुद्धा नाही. टाकी रात्रभर भरत होती. वर टेकाडावर कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवला आणि हात हलवला.

नळाला काहीच आलं नाही. पोरं ओरडायला लागली. मग नळ वाजला. आधी नुसता श्वास, पेटीच्या चिरेतून यायचा तसा. मग एक बारीक सूर निघाला. तो वर गेला. मधेच तुटला. आणि आणखी वर चढला.

"आगं बया, नळ शीळ घालतोय!" एकजण म्हणाली आणि बायका खळखळून हसल्या.

मावशी हसली नाही. तिनं हंडा बाजूला ठेवला, वाकली आणि नळाला कान लावला. सूर संपेपर्यंत ती तशीच होती. नंतर नळ खाकरला आणि तांबडं पाणी तिच्या गालावर उडालं. तिनं ते पुसलं नाही.

"चाचा," ती उभी राहत म्हणाली, "काय व्हतं ते?"

चाचा शाळेच्या भिंतीपाशी उभे होते. त्यांनी मान फिरवली नाही. तिच्या डोळ्यांकडं सरळ बघितलं, असं त्यांना कुणाकडं बघताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

"हवा व्हती, बाई. पायपात अडकलेली हवा. पानी यायच्या आदी ती भाईर पडती."

त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढल्यामुळं माझा कान आपोआप भिंतीकडं गेला होता. तोंडानं निघालेला आवाज सरळ होता. भिंतीवरून आला तो तसा नव्हता. तो मधेच तुटला होता, आणि तुटल्यावर वर चढला होता.

"गेली म्हनायची मग," मावशी म्हणाली.

पहिलं गंजाचं पाणी बाकीच्या बायका ओतून देत होत्या. मावशीनं तेच हंड्यात भरून घेतलं. चुंबळ नीट केली, हंडा डोक्यावर चढवला आणि एक थेंबही सांडू न देता घराकडं गेली. पुढच्याच आठवड्यात तिनं हौसाचे दिवस घातले. आम्हा तिघांना बोलावणं होतं. चाचींनी तिच्या घरी बसून पोळ्या लाटल्या.

दुसरी कॅसेट आम्ही काढली नाही. टाकी आता भरलेली असते. पण त्या सकाळपासून चाचांची ती जुनी सवय गेली. आता ते समोरच्याच्या तोंडाकडं बघून ऐकतात, मान डोलावतात, गिऱ्हाइकं खूश होऊन जातात. चाची म्हणतात, "बगा, म्हातारपनी का हुईना, नवऱ्यानं माज्याकडं बगितलं." दुकानात बोलताना मी मात्र अजून भिंतीपासून लांब उभा राहतो.